डबल बेल

आईच्या फोनमध्ये आइसलँडचा एक फोटो आहे. बघण्यासारखं त्यात काही नाही, थोडा हललाय, एका कोपऱ्यात आईचं बोट आलंय. पत्र्याची शेड, खुंट्यांवर लटकलेले काळे ओव्हरऑल, खाली हेल्मेटांची रांग, जमिनीवर ओल्या बुटांचे ठसे. मधोमध मी पाठमोरी, गाइडशी बोलतेय. आणि माझ्या मागे दोन पावलांवर बाबा. ओव्हरऑलची चेन अर्धी उघडी, उजव्या हातातला मोजा काढून दातात धरलाय, आणि दोन बोटांच्या चिमटीत एक कार्ड. झूम केलं की कळतं, ते त्यांचं लायसन आहे.

झालं एवढंच होतं की गाइडने विचारलं, एका स्नोमोबिलवर, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या स्कूटरसारख्या गाडीवर, दोघं बसणार, चालवणार कोण, त्याने लायसन दाखवा. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी म्हटलं, "आय विल ड्राइव्ह, माय फादर विल सिट बिहाइंड." माझं कार्ड आधीपासून हातात तयार होतं. त्याने बघितलं, मान हलवली आणि पुढच्या जोडीकडे वळला. दहा सेकंदांचं काम. मागे बाबा काय करतायत ते मी बघितलंच नाही, बघायला पाहिजे असं मनातही आलं नाही.

माझे बाबा एसटीत ड्रायव्हर होते. चिपळूण डेपो, एकतीस वर्षं.

आईबाबा एप्रिलमध्ये तीन महिन्यांसाठी माझ्याकडे ॲमस्टरडॅमला आले, तेव्हापासून त्यांच्या वाटचं सगळं मीच बोलत होते. कॉफीवाल्याने शुगर विचारली की मी "नो शुगर" म्हणणार, कारण बाबांना डायबिटीस आहे. शेजारच्या आजोबांनी जिन्यात थांबवून विचारलं, तुम्ही काय काम करायचात, तर उत्तर मी देणार. बाबांना इंग्लिश कळतं, बोलतातही, फक्त वाक्य जुळवायला त्यांना जरा वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात मी बोलून मोकळी झालेली असते. समोरचा माणूस थांबायला तयार असतो, मीच थांबत नाही. लहान होते तेव्हा बँकेत, दवाखान्यात, शाळेत बाईंसमोर माझ्या वतीने ते बोलायचे आणि मला ते फार सुरक्षित वाटायचं, त्यांच्या खाकी शर्टाच्या मागे उभं राहणं, त्याचा तो डिझेल आणि घामाचा मिळून येणारा वास. आता पाळी उलटली आहे. ती कधी उलटली हे मला सांगता येत नाही, आणि मुख्य म्हणजे ती उलटवायला मला कुणी सांगितलं होतं असंही नाही.

आणि ही ट्रिप तर मी खास त्यांच्यासाठी शोधली होती, हे जास्त लागतंय. ॲमस्टरडॅममध्ये त्यांना काय आवडलं असेल तर ट्राम. म्युझियममध्ये पाय दुखायचे, पण ट्रामच्या ड्रायव्हरच्या मागच्या काचेपाशी उभे राहून शेवटच्या स्टॉपपर्यंत जायचे आणि त्याच ट्रामने परत यायचे. घरी येऊन आईला सांगायचे, आज बाई होती ड्रायव्हर, काय सुंदर ब्रेक लावते, उभ्या माणसाला कळत नाही. म्हणून मग आइसलँडला जायचं ठरलं तेव्हा मोठ्या बसची नेहमीची टूर मी घेतली नाही, सुपरजीपवाली घेतली. एका दिवसात गोल्डन सर्कल, म्हणजे थिंगव्हेलीर, स्ट्रोक्कुर आणि गुल्फॉसचा धबधबा, मग वरचा कच्चा रस्ता, आणि शेवटी लांगयोकुलवर स्नोमोबिल. लांगयोकुल म्हणजे तिथली दुसऱ्या नंबरची हिमनदी, हिमनदी म्हणण्यापेक्षा बर्फाचं पठारच. मला वाटलं, एवढ्या मोठ्या टायरची गाडी बघून बाबा खूश होतील.

झालेही. मे महिना होता, गावाला आंबे उतरत होते आणि आम्ही सकाळी आठ वाजता रेक्याविकमध्ये हॉटेलसमोर थर्मल घालून कुडकुडत उभे. जीप आली आणि सगळे चढायला लागले, तर बाबा गाडीला एक फेरी मारून आले. ही एसटीतली सवय. डेपोतून गाडी काढायच्या आधी फेरी मारायची, खाली वाकून ऑइल गळतंय का बघायचं, प्रत्येक टायरवर मूठ आपटून आवाज ऐकायचा. त्यांनी इथेही मूठ आपटली. आमचा ड्रायव्हर, तोच आमचा गाइड पण होता, पन्नाशीचा, लोकरीचा जाड स्वेटर घातलेला, तो दार धरून उभा राहून हे बघत होता. हसला नाही. फक्त म्हणाला, "फोर्टीफोर इंचेस." बाबांनी कमरेजवळ हात धरून उंची मापली आणि मला म्हणाले, आपल्या गाडीच्या टायरएवढाच आहे गो, चार बोटं जास्त असेल. ड्रायव्हरने पुढची सीट दाखवली, या, इथे बसा. मी आणि आई मागे, आमच्या शेजारी कॅनडाचं एक जोडपं. मला आठवतंय, पहिला अर्धा तास बाबा रस्त्याकडे बघत नव्हतेच, ड्रायव्हरच्या पायांकडे बघत होते.

थिंगव्हेलीरबद्दल फार लिहीत नाही, ते सगळ्यांनी लिहिलंय, ९३० सालची संसद, दोन खंडांच्या मधली फट, वर्षाला साधारण दोन सेंटिमीटर रुंद होणारी. मला लक्षात राहिलं ते तिथलं पाणी. लांगयोकुलचं वितळलेलं पाणी लाव्हाच्या खडकातून झिरपत, जमिनीखालून कित्येक दशकं प्रवास करून इथल्या झऱ्यांत वर येतं. इतकं स्वच्छ की तळ हाताला लागेल असं वाटतं. आई वाकून बराच वेळ बघत होती, मग म्हणाली, म्हणजे हे माझ्या लग्नाच्या आधी निघालेलं पाणी असेल. तिथून पुढे स्ट्रोक्कुरचा गरम पाण्याचा फवारा, सहा ते दहा मिनिटांत एकदा उडतो. उडायच्या आधी क्षणभर पाण्याचा निळा घुमट फुगतो, काचेच्या वाटीसारखा, आणि मग फुटतो. तो निळा फुगा मी कॅमेऱ्यात पकडू शकले नाही. बाबा घड्याळ लावून उभे होते, पाच वेळा बघितलं, एकदाही दहाच्या वर गेला नाही म्हणाले.

गुल्फॉसला मात्र खूप वेळ थांबलो. ह्वीता नदी दोन टप्प्यांत पडते, आधी ११ मीटर, मग वळून २१ मीटर, आणि खालच्या घळीत अशी घुसते की वरून बघताना वाटतं जमिनीनेच गिळली. पाणी करडं, गढूळ, हिमनदीचा गाळ घेऊन येणारं. आई खालच्या वाटेवर आलीच नाही. २०२१च्या २२ जुलैला वाशिष्ठीचं पाणी आमच्या घरात माळ्याला टेकलं होतं, तेव्हापासून तिला गढूळ पाण्याचा मोठा आवाज सहन होत नाही, ती गाडीजवळ पाठ करून उभी राहिली. मी आणि बाबा खाली गेलो. तिथे एका बाईच्या चेहऱ्याचं शिल्प असलेला दगड आहे, सिग्रीदुर तोमासदोत्तिर. शंभरएक वर्षांपूर्वी बाहेरचे लोक इथे वीज काढायला निघाले होते. ही शेजारच्या ब्रात्तहोल्त नावाच्या शेतावरची मुलगी, शिकलेली नाही फार, ती एकटी विरोधात उभी राहिली. शंभर किलोमीटरच्या वर अंतर तुडवत रेक्याविकला पायी जायची, आणि काम सुरू झालं तर धबधब्यात उडी टाकीन असं बजावून ठेवलं होतं असं सांगतात. तिचा वकील पुढे १९४४ मध्ये देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. धबधबा राहिला.

हे मी बाबांना सांगितलं तर ते काहीच बोलले नाहीत. तुषार चष्म्यावर जमत होते, ते पुसायचे, परत घालायचे. मग वर चढताना मधेच थांबून म्हणाले, कोयनेला पण चालले असतील की लोक. आमच्या घरापासून पोफळी किती लांब, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशीच. बाबांची चिपळूण-कराड गाडी रोज पोफळीवरूनच जायची, डोंगराच्या पोटातल्या त्या वीजघरावरून. म्हणाले, धरणात गेलेल्या गावांची माणसं देवीला यायची माझ्या गाडीतनं, कुठनं कुठनं लांबनं, आणि पाण्यापाशी उतरायची. गाव पाण्याखाली, मग नमस्कार पाण्याला करायची. थोडं चढल्यावर परत थांबले. पण लाइट तिचीच होती, म्हणाले, तू त्याच लाइटीवर अभ्यास केलास. मला काय बोलावं सुचलं नाही. आजही सुचत नाही. धबधबा राहिला म्हणून मला मनापासून बरं वाटत होतं, आणि ज्या दिव्याखाली मी बारावीची रात्र रात्र काढली तो दिवाही खरा होता.

गुल्फॉसच्या पुढे डांबर संपतं. तो क्योलुरचा रस्ता, आतल्या ओसाड भागात जाणारा, मे महिन्यात साध्या गाड्यांना बंदच असतो. काळी वाळू, दगड, मध्ये मध्ये बर्फाचे पट्टे, झाड म्हणून नाही. जाहिरातीत ऑफ-रोड लिहिलेलं असतं, पण आखलेला रस्ता सोडून मोकळ्या जमिनीवर गाडी घालणं तिथे कायद्याने गुन्हा आहे. शेवाळावरून एकदा चाक गेलं की तो ओरखडा भरायला कित्येक वर्षं लागतात. एका ठिकाणी रस्त्यातच डबकं साचलं होतं, मोठं, आणि त्याच्या बाजूने कुणीतरी गाडी नेल्याच्या जुन्या खुणा होत्या, दोन लांब चर. आमच्या ड्रायव्हरने त्या चरांकडे बोट दाखवून काहीतरी रागाने म्हटलं आणि गाडी सरळ पाण्यात घातली, काचेपर्यंत पाणी उडालं, कॅनडावाली बाई किंचाळली. बाबा मागे वळून मला म्हणाले, पाण्यातनं घेतली, बाजूने नाही. त्यांच्या आवाजात जे कौतुक होतं ते मी दहावीच्या निकालाला ऐकलं होतं, नंतर क्वचितच.

जिथे सलग बर्फ सुरू झाला तिथे गाडी थांबली. ड्रायव्हर उतरला आणि एकेका टायरची हवा सोडायला लागला. बाबाही उतरले, त्यांच्या मागे मी. त्या शांततेत हवेचा तो सूं आवाज केवढा मोठा वाटत होता. मी विचारलं किती ठेवणार, तो म्हणाला पाच पाउंड, बर्फ मऊ असेल तर अजून कमी. बाबांना हे झेपेना. आमच्या गाडीला शंभर पाउंड असायची, म्हणाले, हवा कमी असली तर गाडी घाटात घालायची नाही, टायर तापून फुटतो, आणि हा स्वतःच्या हाताने काढतोय. ड्रायव्हरला शब्द कळले नसणार, पण चेहरा कळला. त्याने मोजा काढला आणि गुडघ्यावर बसून बर्फात मूठ दाबली. मनगटापर्यंत आत गेली. मग ती बाहेर काढून शेजारी पंजा पसरून ठेवला, तेवढंच वजन दिलं. पंजा वरच राहिला. बाबा बघत राहिले. मग तेही खाली बसले, मूठ दाबली, पंजा ठेवला, आणि उठून टायरकडे गेले, तो आता खाली पसरून रुंद झाला होता. वर आल्यावर आईला सांगत होते, भाकरी थापतात तसं आहे गो, पसरली की बुडत नाही.

हे सगळं मी बघितलं होतं. हे बघितल्यावर पंधरा-वीस मिनिटांत आम्ही त्या शेडमध्ये पोचलो, आणि तिथे स्नोमोबिलवाल्या गाइडने विचारलं, चालवणार कोण.

कारणं माझ्याकडे आहेत. गेल्या वर्षी त्यांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. शुगर आहे. दोन सेकंदांत मी एवढा सगळा विचार केला असं मी आता स्वतःला सांगते, पण खरं सांगायचं तर मी विचार केलाच नव्हता. ते मागे बसणार हे माझ्या डोक्यात बुकिंग करतानाच पक्कं होतं.

आई गुडघ्यांमुळे वर येणार नव्हती, ती शेडमध्ये ड्रायव्हरबरोबर थांबली. आम्ही बाहेर आलो. दहा-बारा स्नोमोबिल ओळीने लावलेल्या, पुढे दोन स्की, मागे रुंद रबरी पट्टा. उजव्या अंगठ्याने थ्रॉटल, डाव्या हाताला ब्रेक, हँडल गरम होतं म्हणून बोटं गोठत नाहीत, आणि एक दोरी मनगटाला बांधायची, पडलात तर इंजिन आपोआप बंद. एकामागे एक चालायचं, पुढच्याचा माग सोडायचा नाही, कारण बाजूला कुठे भेग असेल सांगता येत नाही. बाबा मागे बसले. पेट्रोलचा वास, हेल्मेटमध्ये स्वतःच्याच श्वासाचा आवाज, आणि सुरुवातीची दहा मिनिटं मी खरंच उडत होते. डावीउजवीकडे पांढरं, वर निळं, आणि मधली ती रेघ इतकी सरळ.

मग धुकं आलं. आलं म्हणजे कुठून आलं कळलंच नाही, वर-खाली एक झालं. जमीन आणि आभाळ यात फरक दिसेना, चढतोय का उतरतोय कळेना, वेग कळेना, मी दुधाच्या पातेल्यात गाडी चालवतेय असं वाटायला लागलं. माझा अंगठा आखडला. मी थ्रॉटल एकदम सोडलं, गाडीने गचका खाल्ला. आणि हेल्मेटला हेल्मेट टेकवून मागून बाबांचा आवाज आला, अगदी सावकाश, "पुढच्याचा लाल दिवा बघ. बाकी काही बघू नको. बाकी काही नाहीच आहे." आणि त्यांनी माझ्या खांद्यावर दोनदा थाप मारली. टिंग टिंग.

डबल बेल. कंडक्टरने दोरी एकदा ओढली की थांब, दोनदा ओढली की सोड.

मी लहान असताना मे महिन्याच्या सुट्टीत त्यांच्या गाडीत जायचे, ड्रायव्हरच्या शेजारच्या इंजिनच्या झाकणावर घोंगडी टाकून बसायची माझी जागा. खालून ऊब यायची, सगळं अंग थरथरायचं. घाट लागला की बाबा बोलायचे बंद. एका पावसाळ्यात, मी चौथीत असेन, कुंभार्लीत संध्याकाळी असंच धुकं उतरलं आणि त्यांनी एका वळणाच्या अलीकडे गाडी बाजूला घेऊन बंद केली. वरून माती येतेय म्हणाले. कुणालाच काही दिसत नव्हतं. पॅसेंजर ओरडले, कुणाला लग्नाला जायचं होतं, कुणाचं पेशंट होतं, एक माणूस तर अंगावर आला. बाबा स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिले, फक्त एवढंच म्हणाले, गाडी माझ्या ताब्यात आहे. रात्रभर आम्ही तिथे. मी त्या झाकणावर झोपले, ते थंड होत गेलेलं मला झोपेत कळत होतं. सकाळी उजाडलं तर वळणापलीकडे अर्धा रस्ता दरडीखाली होता. कुणी आभार मानले का ते आठवत नाही. बाबांनी पंचवीस वर्षं विनाअपघात सेवेचा बिल्ला मिळवला, तो आमच्या शोकेसमध्ये आहे, पुराच्या पाण्यातून काढून आईने चिंचेने घासलेला.

तो माणूस माझ्या मागे बसला होता आणि मी पुढच्याचा लाल दिवा बघत होते. पुढची वीस मिनिटं गाडी कुणी चालवली याबद्दल मला तरी शंका नाही. वळण आलं की डाव्या नाहीतर उजव्या खांद्यावर बोटांचा हलका दाब यायचा, माझ्याही आधी त्यांना कळायचं. मी फक्त अंगठा होते.

वर एका जागी सगळ्यांना थांबवलं आणि इंजिनं बंद करायला लावली. एवढी शांतता मी आधी कधी ऐकली नव्हती, कानात दडे बसल्यासारखी. हेल्मेट काढल्यावर थंडी दातांना लागली. बर्फ जवळून बघितला तर पांढरा नव्हता, त्यात बारीक काळे कण होते, ज्वालामुखीची राख. गाइड सांगत होता की पायाखाली काही ठिकाणी पाचशे मीटरच्या वर बर्फ आहे, पण कडा मागे सरकत चालल्यात. मग पश्चिमेकडे हात करून, जिकडे धुक्याशिवाय काही नव्हतं, म्हणाला, तिकडे पलीकडे ओक नावाचा डोंगर आहे, त्याच्यावरही हिमनदी होती. २०१४ मध्ये तिला यादीतून काढलं. २०१९ मध्ये लोक वर चढून गेले आणि तिच्या नावाचा फलक लावून आले, माणूस गेल्यावर लावतात तसा. मी बाबांसाठी मराठीत सांगत होते. बर्फ थोडा अजून आहे तिथे, पण हिमनदी म्हणायचं तर ती स्वतःच्या वजनाने सरकायला लागते, त्यासाठी चाळीस-पन्नास मीटर जाडी लागते, तेवढी उरली नाही. बाबांनी विचारलं, म्हणजे चालत नाही म्हणून नाव काढलं? मी म्हटलं, हो. ते बुटाच्या टाचेने बर्फ दाबत उभे राहिले.

आणि तेवढ्यात गाइड म्हणाला, ज्यांना ड्रायव्हर बदलायचा असेल त्यांनी आता बदला.

मी विचारलं. बाबा, घेता का? पण मी विचारताना दोरी मनगटाला बांधतच होते, हे मला नंतर आठवलं. त्यांनी गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाले, नको, तू आणलीस ना वर, तूच ने. अर्ध्या घाटात गाडी दुसऱ्याच्या हातात देत नाहीत. आणि मागे बसले, दोनदा थाप. ते खरंच तसं मानतात म्हणून म्हणाले, की माझी दोरी बघून म्हणाले, हे मला आजपर्यंत उलगडलेलं नाही. दोन्ही खरं असू शकतं.

खाली आलो तर आई आणि ड्रायव्हर शेडच्या पायरीवर बसून फणसपोळी खात होते. आईला इंग्लिशची चार वाक्यं येतात, त्यात तिने त्याला फणसाचं झाड, पोळी वाळत घालायची ताटं आणि आमची दोन्ही मांजरं एवढं सगळं सांगून टाकलं होतं, तिला बोलायला कुणी मदत लागली नव्हती. परतीच्या वाटेवर कच्चा रस्ता लागायच्या आधी टायरमध्ये परत हवा भरायला थांबलो. कॉम्प्रेसरची नळी लावून ड्रायव्हर एकेक टायर भरत होता, आणि बाबा प्रत्येक टायरशी जाऊन मूठ आपटायचे, ऐकायचे, नाही अजून, असा हात हलवायचे, परत आपटायचे, मग पंजा वर, बस. ड्रायव्हर तिथे गेज लावायचा. पहिल्याला त्याने गेज बघून भुवया उंचावल्या आणि बाबांना दाखवलं. दुसऱ्याला नुसती मान हलवली. तिसऱ्या-चौथ्याला त्याने गेज लावलंच नाही, बाबांचा पंजा वर गेला की नळी काढली. दोघं एक अक्षर बोलत नव्हते. मी जीपमध्ये बसून काचेतून बघत होते, उतरून काही भाषांतर करावं असं एकदा मनात आलं होतं, बरं झालं उतरले नाही.

त्या रात्री साडेअकराला मी आईच्या फोनमधले फोटो माझ्याकडे घेत होते. बाहेर अजून अक्षर वाचता येईल एवढा उजेड, पडदा ओढला तरी फटीतून येत होता. आईबाबा झोपले होते. तेव्हा तो फोटो आला, मोजा दातात, कार्ड चिमटीत. बाबांची नजर कॅमेऱ्याकडे नाही, माझ्या पाठीकडे आहे. वाट बघणाऱ्या माणसाची असते तशी, आपला नंबर येईल म्हणून रांगेत उभ्या असलेल्या. सकाळी हॉटेलातून निघताना त्यांनी ते कार्ड बनियनच्या खिशात प्लास्टिकच्या पिशवीत घालून घेतलं होतं म्हणे, आईने नंतर सांगितलं. तीन थरांच्या आत.

आता ते चिपळूणला परत गेलेत, पाऊस सुरू झालाय. परवा फोनवर शेवटी मी विचारलंच, बाबा, त्या दिवशी शेडमध्ये तुम्ही लायसन काढलं होतंत ना? पलीकडे पत्र्यावर पाऊस वाजत होता. जरा वेळ गेला. मला बोलायची घाई झाली होती, डोळ्याचं, शुगरचं, सगळं तोंडाशी आलं होतं, पण मी थांबले. हो, काढलं होतं, म्हणाले, तो मागत होता ना सगळ्यांचं. मी म्हटलं, मी बघितलं नाही. म्हणाले, नाहीच दिसणार, तू पुढे होतीस. मग त्या जीपचे टायर कुठल्या कंपनीचे होते ते विचारायचं राहिलं म्हणाले, आणि लायसन मार्चमध्ये संपतंय, डोळ्याचं सर्टिफिकेट लागेल, पण रिन्यू करून घेतो. मी म्हटलं, घ्या करून. परत नुसता पाऊस ऐकू येत होता. मला वाटलं फोन ठेवतायत.

मग म्हणाले, "त्या बर्फावरच्या गाडीला गिअर नसतो ना गो?"

"नाही बाबा, नसतो."

"मग सोपी आहे," म्हणाले.